दांडीच्या ब्रेकची जुनी सायकल साताऱ्यात कुठे दाखवायची, तर इथे

माझ्याकडे मामांची हर्क्युलस आहे, काळी, 28 इंची चाकं, दांडीचे ब्रेक, म्हणजे वायरऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे. मामा गेल्यावर मामीने मला दिली आणि गेली चार वर्षं मी शाळेत शिकवायला रोज तिच्यावरूनच जाते. साताऱ्यातल्यांना सांगायला नको, समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे येताना उतार, पुढे पोवई नाक्यापर्यंत परत उतारच, म्हणजे सकाळी पायडल फारसं मारावं लागत नाही पण ब्रेक मात्र धड पाहिजेत. आणि तेच नव्हते. पुढचा ब्रेक दाबला की चाकाच्या प्रत्येक फेरीला एक झटका, धरायचा सोडायचा धरायचा सोडायचा, हँडल हातात थरथरायचं, आणि मागचा ब्रेक न दाबताच घासायचा. पावसात तर मी सरळ उतरून चालत यायचे.

आधी एका मोठ्या दुकानात नेली होती, नाव घेत नाही. त्यांनी ब्रेकचे चारही रबर बदलले, आठवड्यात परत तेच. परत नेली, परत रबर. तिसऱ्यांदा म्हणाले मॅडम हे दांडीचे ब्रेक काढा, वायरचे बसवून देतो. मी हो म्हणणारच होते, पण ह्या जुन्या सायकलींच्या रिमच्या बाजू गोलसर असतात, वायरच्या ब्रेकचे रबर टेकायला सपाट जागाच नसते, म्हणजे रिमही बदलायला लागली असती. हे मला त्या दुकानात कोणी सांगितलं नाही, नंतर सायकल दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी सांगितलं.

तर हे काका. राजवाड्याच्या बाजूला एका बोळात पत्र्याची शेड आहे, बोर्ड नाही, बाहेर जुने टायर लटकवलेले दिसतात, आमच्या दूधवाल्यांनी पत्ता दिला. मी गेल्यागेल्या ब्रेकची तक्रार सांगितली तर त्यांनी ब्रेककडे बघितलंच नाही, सायकल उलटी केली, पुढचं चाक फिरवलं आणि चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कला, टेकवून खडूचा तुकडा रिमजवळ धरला. एका जागी खडू लागला, बाकी कोरी. म्हणाले, "ताई, ब्रेकला काय झालं न्हाय, चाक आऊट हाय. आन् आऊट बी साधा न्हाय, उभा हाय."

आऊट म्हणजे चाक वाकडं फिरणं, आणि उभा आऊट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वायरच्या ब्रेकमध्ये रबर रिमला दोन्ही बाजूंनी दाबतात, त्यामुळे तिथे चाक डावी-उजवीकडे हललं की आधी जाणवतं. दांडीच्या ब्रेकमध्ये लिव्हर दाबला की दांडी वर ओढली जाते, तिच्या टोकाची यू आकाराची कडी वर येते आणि रबर रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या (स्पोकच्या) बाजूने, लागतात. म्हणजे चाक जराही अंडाकृती झालं की रिम एका जागी रबराच्या जवळ येते, दुसऱ्या जागी लांब जाते, आणि हाताला झटका बसतो. रबर कितीही नवे टाका, झटका जाणार नाही. दोन वेळचे पैसे कुठे गेले ते तिथेच उमगलं मला.

मग त्यांनी ज्या क्रमाने काम केलं ते मला सगळ्यात आवडलं. आधी चेन, कारण चेन ताणायला मागचं चाक मागे ओढलं की रिम रबरांकडे सरकते, माझा मागचा ब्रेक घासत होता तो यामुळेच, कोणीतरी चेन ताणून दिली होती आणि दांडी तशीच ठेवली होती. मग दोन्ही चाकांचा आऊट, तारांच्या पान्याने, एकेक तार पाव फेरी, अर्धी फेरी, परत फिरवून बघायचं, यात तासभर गेला. मग पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे हलवली आणि मला हँडलखालच्या वाटीवर बोट ठेवायला सांगितलं, वाटीत खडखड लागत होती. छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) झिजलेले. ते बदलले, ग्रीस भरलं. आणि हे सगळं झाल्यावर दांडीचा नट सैल करून रबर आणि रिममध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून परत आवळला. ब्रेकचा नट सगळ्यात शेवटी, हे त्यांनी दोनदा बजावलं. हँडल वर-खाली केलं तरी पुढचा ब्रेक परत लावून घ्यायचा, कारण दांडी हँडललाच धरलेली असते.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने आपल्या सायकलवर आजच बघा. रबर ज्या पत्र्याच्या खोळीत बसतं तिचं एक तोंड उघडं असेल तर बंद तोंड रिम ज्या दिशेने फिरते त्या दिशेला पाहिजे, उलटं बसवलं तर जोरात ब्रेक मारल्यावर रबर सरकून बाहेर पडू शकतं. माझ्या पुढच्या चाकावर एक उलटंच बसवलेलं होतं. उतारावर ते रबर निसटलं असतं तर काय, हा विचार करून आजही पोटात गोळा येतो.

तेलाबद्दल पण बोलले. मी सांध्यांना भरपूर तेल सोडायचे, ते ओघळून रिमवर यायचं. सांध्याला एक थेंब बास, आणि रिमला तेल लागलंच तर फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन पुसायची. पावसात स्टीलची रिम निसरडी होतेच, त्याला इलाज नाही, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच ब्रेक हलका धरून ठेवायचा म्हणजे रिमवरचं पाणी पुसलं जातं आणि खरा ब्रेक लवकर धरतो. हे मी जुलैत रोज करून बघितलं, फरक पडतो.

खर्च: चार रबर 60, दोन चाकांचा आऊट 160, छर्रे आणि ग्रीस 120, एकूण 340 रुपये. चेनचे काही घेतले नाहीत.

तक्रार एकच, वेळ. संध्याकाळी देतो म्हणाले आणि सायकल मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारी, फोन उचलत नाहीत, मला शाळेत रिक्षाने जावं लागलं. घाई असेल तर सकाळी नऊलाच जा आणि तिथेच बसा, समोर असलं की काम होतं. गिअरच्या, डिस्क ब्रेकच्या सायकली घेत नाहीत, तसं तोंडावर सांगतात. यूपीआय चालतं. सोमवारी बंद.

पंधरा दिवसांनी परत या म्हणाले होते, तारा बसल्या की आऊट थोडा परत येतो म्हणून. गेले, त्यांनी खडू धरला, दोन तारा पाव-पाव फेरी फिरवल्या आणि पैसे घेतले नाहीत.