कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये पीव्हीसी पाइप: अकरा महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर आम्ही घरातलं सगळं वायरिंग पीव्हीसी पाइपांतून नव्याने करून घेतलं. इमारत 1986 ची, आम्ही शेवटच्या मजल्यावर. भिंतींत वायरींसाठी काळे लोखंडी पाइप होते. बाथरूमलगतची भिंत फोडली तेव्हा आतून पाइप निघालाच नाही, गंजाचे पापुद्रे निघाले. त्या काळी बऱ्याच ठिकाणी लोखंडी पाइपवरच अर्थिंगची भिस्त असायची. सांधे गंजले की अर्थिंग तुटतं आणि बाहेरून काही कळत नाही. सासूबाई वर्षभर सांगत होत्या की वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. आम्ही त्यांना "चप्पल घालून लावा" म्हणत राहिलो. ती भिंत पाहिल्यावर आपण केवढा धोका पत्करला होता ते समजलं.

म्हणून पीव्हीसी घेताना सगळ्यात आधी हे पक्कं करा: हा पाइप गंजत नाही, पण त्यातून वीजही वाहत नाही. म्हणजे अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक पॉइंटपर्यंत वेगळी न्यायलाच हवी. "लाइटच्या पॉइंटला कशाला, ताई?" असं मलाही ऐकवलं गेलं. मी अडून बसले.

माल बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून आणला. पाइपवर आयएसआयची खूण आणि आयएस 9537 हा आकडा छापलेला असतो, तो वाचून घ्या. लाइट, मीडियम, हेवी असे तीन प्रकार येतात. लाइट पाइप बोटांनी दाबला तरी चेपतो. आम्ही मीडियम घेतला. मापाचं एक लक्षात ठेवा, 20 किंवा 25 मिमी हे बाहेरचं माप असतं. दुकानात "घरासाठी 20 पुरतो" म्हणतात आणि आजच्या वायरींना तो पुरतोही. पण 25 घेतला की आतली जागा दीडपटीहून जास्त होते. आम्ही मुख्य ओळी सगळ्या 25 च्या टाकल्या, आणि प्रत्येक पाइपमध्ये वायरींबरोबर एक नायलॉनची दोरी सोडून ठेवली.

ती दोरी जूनमध्ये कामाला आली. ओट्यावर इंडक्शन बसवायचं ठरलं, 2000 वॅटचं, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर. फ्रिजच्या वायरीवर ते टाकायचं नव्हतं. इलेक्ट्रिशियन दादांनी डीबीपाशी, म्हणजे घरातले मुख्य स्विच असतात त्या पेटीपाशी, नव्या वायरींची टोकं दोरीला बांधली, टेपने गुंडाळली, वरून टाल्कम पावडर चोळली. ते स्वयंपाकघरात खेचत होते आणि मी डीबीपाशी वायर सोडत होते. "सोडा ताई, हळू... थांबा... हां, सोडा." पहिल्या वळणावर थोडी अडली, मग सरसर निघाली. वीस मिनिटांत काम झालं. भिंतीला साधा ओरखडा नाही. मला या पाइपांचं सगळ्यात कौतुक आहे ते याच गोष्टीचं.

पण बेडरूममध्ये हेच जमलं नाही. एसीसाठी 4 चौरस मिमीची वायर टाकायची होती आणि ती मधेच घट्ट अडकली. भिंत उघडली तर कोपऱ्यात लांब वळणाच्या बेंडऐवजी काटकोनी एल्बो, तोही सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) न लावता नुसता ठोकून बसवलेला. फटीतून सिमेंटचं पाणी आत जाऊन खडा झाला होता. काम चालू असताना मी दोन दिवस गावी होते, तेवढ्यातच हा सांधा प्लास्टरखाली गेला. वळणाला बेंडच हवा, किंवा पाइपमध्ये स्प्रिंग घालून तो हाताने वाकवायचा, आणि प्रत्येक सांध्याला सोल्युशन. प्लास्टर होण्याआधी मोजायची टेप लावून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. आमच्याकडे त्या एका भिंतीचा फोटो नाही आणि तिथेच फोडावं लागलं.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार झाला. गच्चीवरच्या सोलरच्या बॅकअप हीटरची वायर नव्या पाइपमधून खाली आणली होती. पाइपचं तोंड वर, आकाशाकडे. जुलैमध्ये तीन दिवस संततधार लागली आणि एका पहाटे आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला. वर केला की पुन्हा पडे. बाथरूमबाहेरचा बोर्ड उघडला तर आतल्या पेटीच्या तळाशी चमचाभर पाणी आणि पाइपच्या टोकाला लोंबणारा थेंब. पन्हळीतून यावं तसं पाणी थेट बोर्डात येत होतं. पाइपमध्ये दोष काहीच नव्हता. आता वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवून घेतलं आहे, त्यानंतर थेंब नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला नसता तर ते पाणी बोर्डात कितीक दिवस साचत राहिलं असतं, कोण जाणे.

पश्चिमेच्या बाल्कनीत भिंतीवरून उघडा नेलेला पाइप मात्र मला आवडलेला नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तो दोन सॅडलच्या (पाइप भिंतीला धरणाऱ्या पट्ट्यांच्या) मधे कमानीसारखा फुगला आणि पांढऱ्याचा पिवळट झाला. तापमान 25 अंशांनी वाढलं की 3 मीटरचा पाइप साधारण 5 मिमीने लांबतो. दोन्ही टोकं घट्ट चिकटवलेली असतील तर त्याला वाकण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय साधं पीव्हीसी उन्हाने हळूहळू ठिसूळ होतं. उघड्यावर न्यायचाच असेल तर सावलीच्या बाजूने न्या आणि सॅडल कमी कमी अंतरावर मारा.

आगीबद्दल सासऱ्यांनी विचारलं होतं. पीव्हीसी स्वतःहून पेटत राहत नाही, ज्योत काढली की विझतं. मात्र जळताना त्याचा धूर घातक असतो, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते. त्यामुळे गीझर, एसी, इंडक्शन यांच्या वायरी वेगवेगळ्या पाइपांतून नेल्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) दिला. एकाच पाइपमध्ये भाराच्या वायरी कोंबल्या की त्या एकमेकींना तापवतात, आणि प्लास्टिकमधून ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या बुजवताना हॉलमध्ये तारेची कोंबडी जाळी मारली, तिथे एकही चीर नाही. पॅसेजमध्ये ती राहून गेली आणि पाइपच्या रेषेत केसाएवढी चीर पडली आहे. बाल्कनीचा पाइप आणि ही चीर, दोन्ही कामं दिवाळीच्या रंगाआधी करून घेणार आहे. सासूबाई आता अनवाणी वॉशिंग मशीन लावतात.