खाणपट्ट्यात जमीन आली: कंपनीशी करार, भरपाईचा अर्ज की कोर्ट?

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. डिचोली, शिरगाव-मये, मोंत द शिरगाव आणि काले हे पहिले चार. एकट्या डिचोलीच्या पट्ट्याचे क्षेत्र सुमारे ४७८ हेक्टर आहे. आपली घरे, देवळे आणि तळी या हद्दीतून वगळा, अशी मुळगावच्या लोकांची मागणी आहे. अशा हद्दीत ज्याचे शेत किंवा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) सापडले, त्याच्याकडे कंपनीचा माणूस कागद घेऊन येतो आणि मग घरात चर्चा सुरू होते: सही करायची की लढायचे?

त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. जमीन तुमची असली तरी खालचे खनिज तुमचे नाही. पोर्तुगिजांनी १९०६ च्या कायद्याखाली खाणींचे कायमचे परवाने वाटले, १९८७ च्या कायद्याने त्यांचे खाणपट्टे झाले आणि आज रॉयल्टी सरकारी तिजोरीत जाते. अमेरिकेतल्या नातेवाइकाच्या गोष्टी इथे लागू पडत नाहीत. तिथे पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात जमीनमालक स्वतःच गॅस कंपनीला पट्टा देतो आणि १९७९ च्या कायद्याने त्याला किमान एक अष्टमांश रॉयल्टी मिळते. तरीही वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्च त्यातून कापावा की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षे खटले चालले आणि २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कपातीला मोकळीक दिली. आपल्याकडे भांडण असते ते फक्त पृष्ठभागाचे, म्हणजे पीक, झाडे, पाणी आणि घर यांच्या नुकसानीचे. खाणकंपन्यांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होणारा पैसाही बाधित भागासाठी असतो, तुमच्या खात्यासाठी नाही.

दुसरा समज असा, की मी सही दिली नाही तर खाण अडेल. अडणार नाही. खाण कायद्याचे कलम २४ अ पट्टेधारकाला जमिनीत शिरण्याचा हक्क देते. राहते घर, कुंपणातले अंगण आणि परसबाग यांच्यासाठी मात्र तुमची संमती लागते, ती नसेल तर किमान सात दिवसांची लेखी नोटीस. ही नोटीस न देता कुणी आत आले, तर त्याच दिवशी पोलीस आणि मामलेदार दोघांकडे लेखी तक्रार द्या.

आता करार. पैसा सगळ्यात लवकर इथेच मिळतो आणि फसगतही इथेच सर्वांत जास्त होते. लिलावातला पट्टा ५० वर्षांचा असतो. तेवढ्या काळासाठी आज एकरकमी पैसे घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही, मग आकडा कितीही भरघोस दिसो. वार्षिक रक्कम घ्या आणि दर काही वर्षांनी ती वाढण्याची अट घाला. ‘खाण चालू असेतोवर’ असे शब्द असतील तर ते खोडून ‘जमीन ताब्यात असेतोवर’ असे लिहून घ्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर खाणी थांबल्या. अशा वेळी पहिल्या प्रकारच्या करारातला पैसा बंद होतो आणि खणलेली जमीन मात्र तशीच पडून राहते. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्दही नकोत. पट्टा संपल्यावर जमिनीच्या नुकसानीचे वेगळे मूल्यमापन करण्याची तरतूद नियमांत आहे. ती भरपाई आजच्या सहीने कशाला सोडायची? आणि करार सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा, नुसत्या स्टँप पेपरवर ठेवू नका.

सह्यांचाही घोळ असतो. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे दोघांची सही लागते. आजोबांच्या नावावरच्या जमिनीची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झाली नसेल, तर एका भावाची सही घेऊन कंपनी कामाला लागते आणि बाकीचे भाऊ पुढची दहा वर्षे कंपनीऐवजी एकमेकांशीच भांडतात.

दुसरी वाट म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज. इथे वकिलाचा खर्च कमी. रक्कम कशी काढायची हे नियमात लिहिलेले आहे: शेतजमीन असेल तर तशाच जमिनीच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नावर, बिगरशेती असेल तर भाड्याच्या सरासरीवर. मेख इथेच आहे. खाणीचा गाळ येऊन शेत आधीच पडीक पडले असेल, तर कंपनी म्हणणार की उत्पन्न शून्य, भरपाईही शून्य. तेव्हा नियमातल्या ‘तशाच जमिनी’वर बोट ठेवा आणि गाळ न आलेल्या शेजारच्या वाड्यावरचे उत्पन्न दाखवा. बागायतदार संस्थेत सुपारी-काजू घातल्याच्या पावत्या, कृषी कार्ड, आधारभूत किमतीचे जमा झालेले पैसे, झाडांची मोजणी हे सगळे फाइलमध्ये हवे. ज्यांच्याकडे पावत्या आहेत त्यांना ही वाट करारापेक्षा सरस. नसतील तर अधिकारी अंदाजाने आकडा लावतो, आणि तो अंदाज सहसा कंजूषपणाचाच असतो.

तिसरी वाट कोर्टाची, पण कोर्ट म्हणजे एकच दार नव्हे. विहीर आटली, शेतात गाळ आला, ओहोळ तांबडा झाला, तर पुण्याच्या हरित लवादाकडे जाता येते. नुकसानभरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. खाणीला मिळालेल्या पर्यावरण दाखल्याविरुद्ध अपील करायचे असेल तर मुदत फक्त ३० दिवस, कारण दाखवून आणखी ६०. बहुतेक गावांना दाखला मिळाल्याचे कळेपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असते.

पर्वरीचे उच्च न्यायालय पट्ट्याच्या वैधतेसाठी, दाखल्याच्या अटी मोडल्या म्हणून किंवा घर-देऊळ हद्दीतून वगळण्यासाठी. तिथे एकट्याने जाऊ नये, वाड्याने मिळून जावे. २२ नोव्हेंबर २००७ नंतरची खाण बेकायदा ठरली ती गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर, एप्रिल २०१४ मध्ये. खाणी बंद पाडण्याइतकी ताकद अशा याचिकेत असते, पण तुमच्या कुळागराच्या भरपाईचा आकडा त्यातून निघत नाही. उच्च न्यायालयाचा एक छोटा उपयोग मात्र लोक विसरतात: अधिकारी अर्जावर बसून राहिला, तर अमुक दिवसांत निर्णय द्या, असा आदेश मागता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

रस्ता अडवण्याचा मार्ग मी या तुलनेत धरलेला नाही. २०१७ मध्ये सोनशीच्या लोकांनी तो धरला आणि त्यांना तुरुंगात बसावे लागले.

फक्त शेताचा प्रश्न असेल आणि कागद सरळ असतील, तर मी आधी अधिकाऱ्याकडच्या अर्जाची पूर्ण फाइल तयार करीन आणि मगच कंपनीशी बोलायला बसेन. समोरच्याला आकडा कुठून आला ते दिसले की घासाघीस लवकर संपते. पाणी गेले असेल तर करार बाजूला ठेवून लवाद. घर हद्दीत असेल तर वाड्यासोबत उच्च न्यायालय.

ज्यांचा मालकीचाच वाद आहे, म्हणजे कुळे, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), कोमुनिदादीची म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीची जमीन कसणारे किंवा मयेत जमिनीच्या मालकीच्या सनदेची वाट पाहणारे, त्यांना करार अवघड जातो, कारण कंपनी मालकाचे नाव मागते. पण कलम २४ अ खालची भरपाई पृष्ठभागावर ताबा असणाऱ्यासाठी आहे. अशांनी अर्जाचीच वाट धरावी आणि त्याआधी एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा) कूळ म्हणून आपले नाव आहे का ते तपासावे. नसेल तर मामलेदाराकडचे ते काम पहिले.