रविवारचं चिकन: बॉयलर, पाकिटातलं की गावरान?

चिकन खायचं की सोडायचं, याचा निर्णय ज्यांनी घेऊन टाकलाय त्यांच्यासाठी हे लिहीत नाही. जे खातात, पुढेही खाणार आहेत, पण दुकानासमोर रांगेत उभं असताना पिंजऱ्याकडे बघायचं टाळतात, त्यांच्यासाठी आहे. मीही बरीच वर्षं टाळलं. मग निदान कुठलं चिकन घेतल्याने त्या जिवाचे हाल कमी होतात, हे नीट बघायला लागले.

आपल्याकडे याविषयीची बहुतेक चर्चा शेवटच्या मिनिटाची असते. हलाल की झटका, सुरी कशी, कोणाच्या हातची. त्या मिनिटाला महत्त्व आहेच. पण त्याआधी त्या कोंबडीने काढलेले चाळीस दिवस, किंवा सहा महिने, किंवा दीड वर्ष, याबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त वजन त्यालाच द्यायला हवं. त्यानंतर तिला उचलून आणण्याला, मग मारण्याला. आणि या सगळ्यांइतकंच, वर्षाला किती जीव आपल्या ताटात येतात, या आकड्याला.

दुकानातलं बॉयलर

माझ्या चुलत दिरांची फलटणजवळ पाच हजार पक्ष्यांची शेड आहे. पोल्ट्रीवाले कोंबडी म्हणत नाहीत, पक्षी म्हणतात. कंपनी एक दिवसाची पिल्लं, खाद्य आणि औषधं देते. शेड, वीज, पाणी आणि राबणं दिरांचं. बॅच गेली की किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त लागलं की त्यातून कापले जातात. त्यामुळे पक्षी मरू नयेत म्हणून ते रात्री दोनदा उठून पडदे बघतात, एप्रिल-मे मध्ये पत्र्यावर पाणी मारतात. शेडवाला माणूस निर्दयी असतो असं मी कधीच म्हणणार नाही.

आधी दोन गैरसमज. बॉयलर पिंजऱ्यात वाढत नाही. तो तुसावर मोकळा असतो, साधारण चौरस फुटाला एक. पिंजरे असतात ते अंड्यांच्या कोंबड्यांना. आणि बॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देत नाहीत. पाच हजार पक्ष्यांना सुई टोचत कोण बसणार? तशी गरजही नाही, कारण वाढ त्या जातीतच भरलेली आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ सालची जात आणि २००५ सालची जात एकाच खाद्यावर शेजारीशेजारी वाढवली. २०१४ मध्ये आलेले त्यांचे आकडे असे: ५६ दिवसांनी जुनी जात सरासरी ९०५ ग्रॅम, नवी ४२०२ ग्रॅम.

खरं दुखणं इथेच आहे. आपल्याकडे पक्षी पस्तीस ते बेचाळीस दिवसांत दोन किलोंचा होतो. पहिल्या आठवड्यात शेड बघत राहावी अशी असते. पिवळी पिल्लं ब्रूडरच्या उबेला गोळा होतात, तूस उकरतात, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारतात. त्याच बॅचला मी छत्तिसाव्या दिवशी पुन्हा गेले होते. आत शिरल्या शिरल्या डोळ्यांना अमोनिया झोंबला. पक्षी चार पावलं टाकत आणि बसत. पाणी प्यायला उठत आणि पाण्याच्या निपलखालीच बसून राहत. बसून बसून छातीवरची पिसं गेलेली आणि पायाच्या सांध्याला मागून काळपट चट्टे. वयाने ती अजून पिल्लंच होती. आवाजही पिल्लांचाच, बारीक चिवचिव. एवढ्या मोठ्या अंगातून तो आवाज आला की पोटात कालवतं.

या पिल्लांचे आईबापही याच जातीचे. त्यांना पोटभर खाऊ दिलं तर ते इतके वाढतील की अंडी देण्याआधीच जायबंदी होतील. म्हणून त्यांना मुद्दाम अर्धपोटी ठेवतात. ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते.

मग रात्री गाडी भरतात. एका हातात तीन-चार पक्षी, पाय धरून उलटे, आणि कॅरेटमध्ये. तिथून व्यापाऱ्याकडे, मग दुकानदाराकडे, मग एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यात. वरच्यांची विष्ठा खालच्यांवर पडते. दोन हातांवर ठोकळा असतो आणि शेजारी तो निळा ड्रम. कत्तलखान्यांसाठीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांत, एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात काय चालतं ते तुम्ही बघताच.

या पर्यायाची जमेची बाजू एकच: सगळं डोळ्यांसमोर असतं. पक्षी उभा राहतो की नाही, सांधे कसे आहेत, पिंजऱ्यात पाणी आहे का, हे बघता येतं आणि दुकानदाराला बोलता येतं.

पाकिटातलं, थंड केलेलं

इथे जात तीच, शेडही बहुधा तशीच. फरक शेवटच्या दिवसाचा. पक्षी फार्मवरून थेट प्रक्रिया केंद्रात जातो, म्हणजे व्यापारी आणि दुकान हे दोन मुक्काम वाचतात. मोठ्या यांत्रिक केंद्रांत कापण्याआधी पक्ष्याचं डोकं वीज सोडलेल्या पाण्यातून नेऊन त्याला बेशुद्ध करतात. नीट झालं तर सुरी कळत नाही. मात्र त्याआधी त्याला शुद्धीत असताना पायांनी साखळीवर उलटं टांगलेलं असतं, आणि जड अंगाच्या, दुखऱ्या पायांच्या पक्ष्याला ते सोसत नाही. सगळीच पाकिटं अशा केंद्रांतून येत नाहीत. कित्येक ॲपवाले माल लहान ठिकाणी कापून घेतात. बेशुद्ध करता का, हा प्रश्न ग्राहक सेवेला विचारा. उत्तर मिळतं की टोलवाटोलवी होते, त्यावरूनही बरंच कळतं.

पाकिटावरच्या शब्दांना भुलू नका. ‘हार्मोन-मुक्त’ या शब्दाला अर्थच नाही, कारण हार्मोन कोणीच देत नाही. ‘अँटिबायोटिक-मुक्त’ला अर्थ आहे, पण तो तुमच्या-माझ्या तब्येतीपुरता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले तेव्हा ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले होते. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ मध्ये केंद्राने पशुपालनात वापरायला बंद केलं. तेव्हा तो शिक्का बघून घेतलात तर चांगलंच आहे. पण पक्ष्याला जागा किती होती, तो चालू शकत होता का, यातलं अक्षरही तो शिक्का सांगत नाही. ‘फार्म फ्रेश’ तर नुसतं नाव आहे.

गावरान

माझं माहेर चिपळूणकडचं. आईकडे कायम आठ-दहा कोंबड्या. सकाळी खुराडा उघडला की त्या परसात पांगायच्या, शेणाच्या ढिगात उकरायच्या, दुपारी फणसाखाली धुळीत अंग घुसळत पडायच्या. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी एकवीस दिवस टोपलीतून हलायची नाही. आई तिच्यासमोर कण्या आणि पाणी नेऊन ठेवायची. ती पिल्लं घेऊन बाहेर पडली की आधी घारीकडे मान वाकडी करून बघायची. कोंबडीने कोंबडीसारखं जगायचं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. राखणीचा, म्हणजे राखणदार देवाला द्यायचा कोंबडा याच अंगणातला असायचा. त्याला घरामागे नेऊन एका घावात कापायचे, बाकीच्यांच्या नजरेआड.

पण गावरान म्हणजे सुखाची, असं सरसकट समजू नका. दहा पिल्लांतली चार-पाच घार, मुंगूस आणि बोका नेतात. मानमोडीची साथ आली की आठ दिवसांत अख्खी आळी रिकामी होते, कारण लस कोणी टोचत नाही. आणि आठवडी बाजारात या कोंबड्यांचे जे हाल होतात ते बॉयलरपेक्षा कमी नाहीत: पाय सुतळीने आवळलेले, सायकलच्या हँडलला उलट्या लटकवलेल्या, मग उन्हात पोत्यावर, चोच उघडी टाकून धापा टाकत. ज्या जिवाने सहा महिने मोकळेपणाने काढले त्याचा शेवटचा दिवस असा जावा, याचा मला जास्त संताप येतो, कारण तो टाळणं अवघड नाही. डालग्यात घालून, सावलीत ठेवून आणता येतं.

तरीही पारडं माझ्या लेखी गावरानकडेच झुकतं. एक वाईट दिवस आणि चाळीस वाईट दिवस, यांत फरक आहे. मात्र ती खरी गावरान हवी.

आणि इथेच शहरात फसगत होते. ‘गावरान’ पाटीखाली बहुतेक ठिकाणी कावेरी, सोनाली, डीपी क्रॉस असे संकरित पक्षी असतात. हे वाईटच असं नाही. ते दोन-अडीच महिने घेऊन हळू वाढतात, त्यामुळे पाय अंगाचा भार पेलतात, उड्या मारतात, काठीवर बसतात. बॉयलर आणि गावरान यांच्या मधला हा पर्याय मला मनापासून बरा वाटतो, पण वाढवणाऱ्याने बाहेर मोकळं सोडलं असेल तरच. बंद शेडमध्ये दाटीने ठेवले की हे चपळ पक्षी एकमेकांना टोचून रक्तबंबाळ करतात, मग गरम पात्याने चोची कापाव्या लागतात. म्हणून चोचीचं टोक बघा. बोथट, कापलेलं दिसलं तर हा पक्षी उकिरड्यावर वाढलेला नाही.

पिंजऱ्यातल्या सगळ्या कोंबड्या एका रंगाच्या, एका मापाच्या असतील तर त्या हॅचरीच्या. गावातल्या दहा कोंबड्या दहा रंगांच्या असतात. छातीचं हाड हाताला टोकदार लागतं, पाय बारीक, नखं झिजलेली.

मागच्या वर्षी एका दुकानातून ‘गावरान’ म्हणून दुप्पट भावाने घेतलेली कोंबडी कुकरच्या आठ शिट्ट्यांनीही शिजेना. पोटात पिवळी चरबी, अंड्यांची माळ, आणि चोच कापलेली. ती अंड्यांवरून उतरवलेली लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी होती. म्हणजे वर्ष-दीड वर्ष पिंजऱ्यात काढलेली. मोकळं आयुष्य विकत घेतलं असं समजून मी नेमकं त्याच्या उलट विकत घेतलं होतं.

मग अंडी बरी का?

बरेच जण म्हणतात, चिकन कमी करून अंडी खातो. मलाही तसंच वाटायचं, म्हणून कागदावर हिशेब मांडला. दोन किलोंच्या बॉयलरमधून साधारण एक किलो ३५० ग्रॅम मांस निघतं आणि त्यासाठी तो चाळीस दिवस जगतो. म्हणजे एक किलो चिकनमागे महिनाभराचं शेडमधलं आयुष्य. लेयर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. एक किलो म्हणजे अठरा अंडी, म्हणजे एका कोंबडीचे बावीस दिवस. पण ते दिवस तारेच्या पिंजऱ्यातले, जिथे तिच्या वाट्याला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा येते, पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही. शिवाय अंड्यांच्या जातीची बहुतेक नर पिल्लं जन्मल्या दिवशीच मारून टाकतात, कारण ती ना अंडी देतात ना अंग धरतात. प्रथिनं धरून हिशेब केला तर किलोभर चिकनची बरोबरी करायला दीड किलोहून जास्त अंडी लागतात.

म्हणून बॉयलर सोडून पिंजऱ्यातली अंडी, हा बदल मला पटत नाही. परसातली अंडी मिळत असतील तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघाने असे उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्या विधी आयोगाने २०१७ च्या २६९ व्या अहवालात लेयर आणि बॉयलर दोन्हींच्या हालांवर सविस्तर लिहून नियम सुचवले होते. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी तो जरूर वाचावा.

किती जीव

दर रविवारी एक किलो धरलं तर वर्षाचे ५२ किलो, म्हणजे ३८-३९ बॉयलर. तेवढ्याच पैशांत, अडीचपट भाव धरून, खरी गावरान घेतली तर वीस-एकवीस किलो येतं. गावरान अंगाने लहान, तिच्यातून ८५० ग्रॅमच्या आसपास निघतं, तेव्हा २४ कोंबड्या. खर्च तेवढाच, जीव चौदा-पंधरा कमी, आणि जे गेले ते मोकळे जगून गेले. मटण महाग म्हणून बाजूला ठेवतो, पण ५२ किलोंना चार-पाच बोकड पुरतात. ‘मटण सोडून चिकनवर आलो’ यात पुण्य शोधणाऱ्यांनी हाही आकडा बघावा.

तुमचं कोणी गावाकडे कोंबड्या पाळत असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. त्यांच्याकडून महिन्यातून एकदा-दोनदा घ्या, चांगला भाव द्या आणि मानमोडीच्या लसीचे पैसे वर द्या. गाव सुटलेलं असेल तर मोकळं सोडणारा संकरित पक्ष्यांचा पाळणारा शोधा. एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा, शेडचं दार दिवसा उघडं असतं का ते. हात आखडता असेल आणि बॉयलरच परवडत असेल, तर लाज वाटून घेऊ नका. दर रविवारऐवजी एकाआड एक रविवार करा, नाहीतर अर्धा किलोत रस्सा वाढवा, वर्षाला एकोणीस पक्षी वाचतात. जिवंत आणि पाकीट यांत निवडायचं असेल, तर बेशुद्ध करून कापतो असं सरळ सांगणारा पाकीटवाला मी आधी घेईन, नाहीतर ओळखीचा दुकानदार.

माझा दुकानदार ओळखीचा आहे. महिन्यातून एकदा बॉयलर त्याच्याकडूनच घेते. दोन वर्षांपूर्वी त्याला म्हटलं, “दादा, पिंजरा आणि ठोकळा यांच्यामध्ये काहीतरी लावा ना, त्यांना दिसतं.” तो आधी नुसता बघत राहिला. मग आणखी दोघी-तिघींनी म्हटल्यावर त्याने पत्रा ठोकला आणि पिंजऱ्यात पाण्याची वाटीही अडकवली. यंदा गटारीला रांग रस्त्यापर्यंत गेली तेव्हा हात पुरेनात म्हणून त्याने पत्रा काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. श्रावण संपून दुकान पुन्हा भरलं, तरी तो तिथेच होता. मी त्याला पुन्हा सांगितलंय. येत्या रविवारी बघायला जाणार आहे.