अटॅक ऑन टायटन: ३४ खंड वाचून झाल्यावर, शेवटपर्यंत रंगत टिकते का?

‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी मांगाची, म्हणजे चित्रकथेची, पकड ३३व्या खंडापर्यंत सुटत नाही. ३४व्यात ती सैल पडते, तीही मुख्यतः एकाच प्रकरणात, म्हणजे शेवटच्या १३९व्यात. सगळे खंड संपवून काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचले तरी हे मत कायम आहे. उलट २३ ते ३० हे खंड दुसऱ्या वाचनात जास्त चढतात. पुढे स्पॉइलर भरपूर आहेत. वाचन अर्धवट असेल तर आधी ते पुरं करा.

हाजिमे इसायामाची ही मालिका कोदान्शाच्या ‘बेस्सात्सु शोनेन मॅगझिन’ या मासिकात सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये संपली. महिन्याला एक प्रकरण, साधारण ४५ पानांचं. शेवटाबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या वेळापत्रकात आहे. १३५ ते १३८ या प्रकरणांतली शेवटची लढाई खंडात एका बैठकीत संपते. मासिक घेणाऱ्यांना तिच्यासाठी चार महिने थांबावं लागलं. दोन अंकांच्या मधल्या काळात लोकांनी आपापले शेवट रचून ठेवले होते. त्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये एका जपानी टीव्ही माहितीपटात शेवटच्या पॅनेलचा, म्हणजे चित्रचौकटीचा, कच्चा आराखडा दिसला होता: बाळाला कडेवर घेतलेला माणूस. त्या एका चित्रावर अडीच वर्षं तर्क लढवले गेले आणि शेवटच्या पानावर ते चित्र आलंच नाही. आज सलग वाचणाऱ्याच्या डोक्यावर हे ओझं नसतं, त्यामुळे शेवट त्याला बराच कमी खुपतो.

आता रंगत कुठे आणि कशी बदलते ते पाहू. ९०व्या प्रकरणापर्यंत, म्हणजे २२व्या खंडाच्या अखेरीपर्यंत, कथा रहस्यावर चालते. टायटन म्हणजे माणसं खाणारे राक्षस, आणि त्यांच्या भीतीने लोक उंच भिंतींआड राहतात. नायक एरेनच्या घराच्या तळघरात काय आहे हा एकच प्रश्न वाचकाला ओढत नेतो. रहस्यावर उभी असलेली मालिका उत्तर मिळालं की बहुधा बसते. इथे ९१व्या प्रकरणात लेखक थेट समुद्रापलीकडे मार्ले या शत्रुदेशात जातो, अनोळखी पोरं आणि खंदकातली लढाई दाखवतो, आणि नायक बराच वेळ ओळखूही येत नाही. पुष्कळ वाचक नेमके इथे गळतात. निदान १००व्या प्रकरणापर्यंत धीर धरा. एरेन आणि त्याचा जुना सोबती, भिंत फोडणारा रायनर, एका तळघरात समोरासमोर बसलेत, वर रंगमंचावरून युद्धाची घोषणा होतेय आणि रायनर कबूल करतो की भिंत फोडण्यामागे त्याची स्वतःची मोठं होण्याची हाव होती. आधीच्या नव्याण्णव प्रकरणांत ज्याला खलनायक म्हणून मोजलं, त्याची बाजू पचवायला मार्लेची ती ‘रटाळ’ पानं लागतातच.

दुसऱ्या वाचनाचा खरा लाभ पेरणीत आहे. ४२व्या प्रकरणात रायनर आपण चिलखती टायटन असल्याचं सांगतो, तेव्हा बाकीचे लोक भलत्याच विषयावर बोलत असतात आणि हे वाक्य मागच्या लहानशा पॅनेलमध्ये येतं. पान उलटायच्या घाईत ते निसटतं. ९६व्या प्रकरणात एरेनच्या आईला खाणारी हसरी टायटन पायाशी पडलेल्या बर्टोल्टला (रायनरच्या साथीदाराला) न खाता पुढे जाते. पहिल्या वाचनात हा योगायोग वाटतो, कारण कळतं ते १३९व्यात. पहिल्या प्रकरणात एरेन झाडाखाली रडत जागा होतो, त्याचा धागा १३८व्यात जुळतो. एवढ्या लांबचे धागे जुळवणारी मालिका शेवटी वाट चुकली असं म्हणणं मला पटत नाही.

१३ ते १६ या खंडांतलं राजधानीतलं राजकारण मात्र संथ आहेच. ते चाळून पुढे जाऊ नका. राजरक्त आणि आद्य टायटनची (सगळ्या टायटनांवर हुकूम चालवणारी) शक्ती यांचे नियम तिथे मांडलेत. ते निसटले तर ३०व्या खंडात एरेन आणि त्याचा सावत्र भाऊ झीक यांच्यात नेमकं काय घडतं ते कळत नाही, आणि मग लेखकाने ऐनवेळी काहीतरी घुसवलं असं वाटतं.

शेवटच्या टप्प्यातलं सर्वोत्तम काम ३३व्या खंडात आहे. १३४व्या प्रकरणात एरेनने जगावर सोडलेल्या टायटनांची रांग जवळ येते आणि माणसं कड्याच्या टोकापर्यंत रेटली जातात. एक बाळ डोक्यांवरून, या हातातून त्या हातात, मागे सरकवलं जातं. देणारे स्वतः खाली पडताहेत. इथे संवादांची गरजच पडत नाही. पहिल्या खंडात शरीराची मापं चुकणारा हाच चित्रकार आहे, हे पाहताना त्याच्याबद्दल आदर वाटतो. १३७व्यातला एरेनचा मित्र आर्मिन आणि झीक यांचा प्रसंगही याच तोडीचा: आर्मिनच्या हातात वाळलेलं पान, झीकला तिथे बेसबॉल दिसतो, आणि जगणं कशासाठी या प्रश्नावर दोघं बोलतात. ऐन लढाईच्या मध्यात एवढी शांत पानं द्यायला धाडस लागतं.

मग १३९वं. सुमारे पन्नास पानांत एरेन-आर्मिनची भेट, एरेनचे हेतू, पहिली टायटन यमीर हिचा उलगडा, प्रत्येक सोबत्याचा निरोप आणि तीन वर्षांनंतरचं जग, सगळं कोंबलंय. शिवाय ती भेट लढाईआधीच झालेली असते, आर्मिनची आठवण पुसलेली असते, आणि एरेन मेल्यावर ती परत येते. म्हणजे कथेतला सर्वांत कळीचा संवाद घडून गेल्यावर आपल्याला सांगितला जातो. जगातली ८० टक्के माणसं मारल्याची कबुली आणि बालमैत्रीण मिकासावरच्या प्रेमाचा आक्रोश यांत पानांचं अंतरच नाही, त्यामुळे दोन्हींची धार जाते. हाच मजकूर आणखी दोन प्रकरणांत पसरला असता तर बहुतेक आक्षेप उरले नसते. राणी हिस्टोरियावर तर सरळ अन्याय झालाय. १३-१६ खंडांचा कणा असलेली ही मुलगी शेवटी एका पत्रापुरती उरते, आणि याचं समर्थन मला कुठेच सापडलं नाही.

शेवट खंडातूनच वाचा. जून २०२१ मध्ये जपानमध्ये आलेल्या ३४व्या खंडात आठ पानं वाढवली आहेत: मिकासाचं म्हातारपण, एरेनच्या पॅराडिस बेटावर पुन्हा झालेलं युद्ध, आणि खूप काळानंतर त्या झाडापाशी पोचलेला मुलगा आणि त्याचा कुत्रा. मासिकातल्या प्रकरणाची स्कॅन वाचून ज्यांनी मत बनवलं, त्यांच्याकडे ही पानं नाहीत. या पानांमुळे एरेनच्या कृत्याने कायमची शांतता आली नाही हे स्पष्ट होतं, आणि लेखकाने त्याला माफ केलं हा आरोप गळून पडतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ॲनिमेच्या, म्हणजे या कथेच्या ॲनिमेशन मालिकेच्या, अखेरच्या भागात आर्मिनचा संवाद नव्याने लिहिलाय. मांगात तो एरेनचे आभार मानतो, ॲनिमेत तो त्या पापात स्वतःचा वाटा स्वीकारतो. ती आवृत्ती निर्विवाद सरस आहे. आधी ३४वा खंड पूर्ण वाचा, मग तेवढा भाग पाहा. उलट क्रमाने गेलात तर १३९वं प्रकरण अधिकच तोकडं वाटेल.

आवृत्तीबद्दल थोडं. इंग्रजीत सुटे खंड मिळतात, आणि ‘कलोसल एडिशन’ नावाची मोठ्या आकाराची सात पुस्तकं आहेत. सातव्यात ३१ ते ३४ एकत्र येतात, म्हणजे हा सगळा शेवट एका पुस्तकात मिळतो. दोन पानांवर पसरलेली चित्रं सुट्या खंडात मधल्या बांधणीत गिळली जातात, मोठ्या पुस्तकात तुलनेने बरी दिसतात. पण ते जड आहे, टेबलावर ठेवूनच वाचावं लागतं, आणि पूर्ण उघडायला जोर लावला तर कणा चिरतो. डिजिटल घेतलं तर टॅबलेट आडवा धरून दोन पानं एकत्र दिसतील अशी सेटिंग ठेवा. फोनवर एकेक पान पाहिलं तर १३४व्या प्रकरणातली ती गर्दी अर्धीच दिसते. २२व्या खंडावर थांबलेल्यांनी २३ ते २५ हे तीन खंड एकदम घ्यावेत, एकट्या २३व्याने काहीच पटणार नाही.