एजंट घेताना कोणता आकडा बघायचा: एसडब्ल्यूई-बेंच की टाऊ-बेंच?

एआय एजंट (म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच पार पाडणारं एआय सॉफ्टवेअर) विकणारे पहिल्याच स्लाइडवर बहुधा एसडब्ल्यूई-बेंच व्हेरिफाइड या कोडिंगच्या परीक्षेतली टक्केवारी दाखवतात. एजंटकडून कोड लिहून घ्यायचा असेल, तर ठीक. पण ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायला हवा असेल, तर माझ्या मते टाऊ-बेंच या ग्राहकसेवेच्या परीक्षेतला आकडा मागावा.

एसडब्ल्यूई-बेंच 2023 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातून आलं. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवरच्या, पायथॉन भाषेतल्या 12 प्रकल्पांत नोंदवलेले 2,294 खरे प्रश्न (इश्यू) त्यात आहेत. एजंटने कोड बदलला की टेस्ट, म्हणजे कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवायच्या: आधी फेल होणाऱ्या आता पास व्हायला हव्यात आणि पास होणाऱ्या बिघडता कामा नयेत. निकालात ‘मला वाटतं’ला जागा नाही, ही मोठी सोय. काही प्रश्न अर्धवट आणि काही टेस्ट अवाजवी निघाल्या, म्हणून 2024 मध्ये डेव्हलपरांकडून तपासून 500 निवडले, तेच व्हेरिफाइड. मात्र त्यातले जवळपास निम्मे जांगो या एकट्या प्रकल्पाचे. तुमचा कारभार जावासारख्या दुसऱ्या भाषेत असेल, तर या आकड्यावर किती विसंबायचं ते बघा. शिवाय हे प्रकल्प सगळ्यांना खुले असल्याने पेपर आधीच फुटलेला असण्याची, म्हणजे मॉडेलने शिकतानाच उत्तरं पाहिलेली असण्याची, शंका राहतेच.

टाऊ-बेंच सिएरा कंपनीचं, 2024 मधलं. इथे एजंट ऑनलाइन दुकानाचा किंवा विमान कंपनीचा कर्मचारी असतो आणि ग्राहकाचं सोंग दुसरं एआय मॉडेल घेतं. समजा, सगळ्यात स्वस्त वर्गाचं तिकीट काढलेला प्रवासी विमान बदलून मागतोय. नियमात ते बसत नाही. तो गयावया करतो, कारणं सांगतो. एजंट विरघळला आणि बदल करून बसला, की नापास. भाषा कितीही गोड असो, शेवटी डेटाबेसमध्ये नोंद बरोबर उरली का, ते तपासलं जातं.

मला यातली खरी कामाची वाटते ती ‘पास हॅट के’ ही मोजणी (‘के’ म्हणजे किती वेळा): तेच काम आठ वेळा दिलं, तर आठही वेळा जमतं का? नेहमीच्या ‘पास अ‍ॅट के’मध्ये आठांतून एकदा जमलं तरी चालतं, म्हणून जाहिरातीला ते बरं. ओपनएआयचं जीपीटी-4ओ हे मॉडेल दुकानाच्या कामांत एका फेरीला 60 टक्क्यांच्या आसपास होतं; आठही फेऱ्यांचा हिशेब धरल्यावर 25 च्या खाली आलं. कोडिंगमध्ये चुकलेला बदल दुसऱ्या डेव्हलपरच्या रिव्ह्यूत अडतो, पण चुकून दिलेला रिफंड गेला तो गेलाच.

टाऊ-बेंचही धुतल्या तांदळाचं नाही. जिथे नकार हेच बरोबर उत्तर, तिथे काहीच न करणारा एजंटही गुण घेऊन जातो. सोंगाडी ग्राहकही कधी भरकटतो आणि खापर एजंटवर फुटतं.

तेव्हा हे आकडे पहिल्या चाळणीपुरते. त्यातून उरलेल्या दोन-तीन एजंटांना तुमच्याच जुन्या तक्रारींतली तीस-चाळीस प्रकरणं द्या, त्यात नकार द्यायची दहा तरी ठेवा, प्रत्येक आठ वेळा चालवा आणि खर्चाचा रकाना शेजारीच मांडा.