आयसीयूत हातांसाठी काय: सॅनिटायझर की साबण-पाणी?

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. आयसीयूतल्या आम्हा सिस्टरांना तेव्हा हा प्रश्न रोजच पडायचा.

माझं मत सरळ आहे. हात दिसायला स्वच्छ असतील तर सॅनिटायझरच. डब्ल्यूएचओच्या हिशेबानं त्याला 20 ते 30 सेकंद पुरतात, साबण-पाण्याला 40 ते 60 लागतात. एका पेशंटच्या सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला हात लावायचा, लगेच शेजारच्याचं सक्शन करायचं, म्हणजे कफ नळीनं ओढून काढायचा. दर वेळी बेसिनपर्यंत जाणं होतच नाही. बाटली खाटेलाच अडकवलेली असली की हात आपोआप तिकडं जातो. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर हे आयसीयूतले जंतू भल्याभल्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, पण सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनं मरतात. फक्त अंगठा आणि बोटांची टोकं हमखास सुटतात, म्हणून हात सुकेपर्यंत चोळायचे.

बेसिनचं अजून एक दुखणं आहे. जाळीखालच्या बुळबुळीत थरात हेच जंतू घर करतात, नळ जोरात सोडला की शिंतोड्यांबरोबर वर येतात. त्यात खिळ्याला लटकवलेला सगळ्यांचा एकच ओला नॅपकिन! त्याला पुसायचे असतील तर हात धुतले काय नि न धुतले काय.

पण हाताला रक्त किंवा शी लागली की साबण-पाण्याला पर्याय नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली रूपं, अल्कोहोलला जुमानत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात. टाकी कोरडी पडायची तेव्हा तोटीचा, झाकणाचा एक डबा आम्ही खास यासाठी भरून ठेवायचो.