शिकवण्याला पाच तारे, हिशेबाला अडीच

मी मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर वह्या लिहितो. त्यामुळे कशालाही चांगलं म्हणायच्या आधी खर्चाची बाजू बघायची खोड आहे. धाकटी तिसरीत आहे त्या शाळेची इमारत महापालिकेची आणि शिकवणारी माणसं एका संस्थेची. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली कायदाच करून चार्टर शाळा सुरू केल्या, म्हणजे पैसा सरकारचा आणि चालवणारी संस्था स्वतंत्र, त्याच वळणाचं हे. आपल्याकडे करारावर भागतं.

फी शून्य. आरटीई म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरलाय. आमच्या वर्गात चाळिसाच्या आत पोरं आणि दोन दीदी, म्हणजे शिक्षिका. एक फळ्यापाशी, दुसरी मागच्या बाकावर, अडलेल्यांना घेऊन. पोरगी ४०२ वजा १७५ ला हटकून अडायची, मधल्या शून्यातून उसनं घ्यायचं कुठून? मागच्या दीदीने काड्यांचे गठ्ठे काढले. शंभराचा एक गठ्ठा सोडला, दहाच्या दहा जुड्या झाल्या. त्यातली एक सोडून सुट्या काड्या तिच्या हातात दिल्या. मग २२७ तिचं तिनेच काढलं. हल्ली गाळ्यावर आली की शिल्लक कट्टे माझ्याआधी सांगते आणि हमाल लोक मला हसतात. इंग्रजी वाचनही झकास. मराठी मात्र घरी बसून घ्यावं लागतं, तिथे शाळा कमी पडते.

आता पैसा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात, मीही आहे. अडीचशेच्या वर आणि हजारापर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला ७५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्याची बिलं बैठकीत समोर ठेवतात: रंग, नळाच्या तोट्या, ट्यूबलाइट. चोख काम, एक पावती इकडची तिकडे नाही. पण हा सगळा वरखर्च झाला. पोरं शिकतात ती दुसऱ्या दीदीमुळे आणि तिचा पगार येतो कंपन्यांच्या देणगीतून. एका मुलामागे वर्षाला किती पडतात, असं विचारलं तर “ते ऑफिसला असतं,” एवढंच उत्तर. गेल्या बैठकीत पुन्हा विचारलं, तेव्हा चहा आला.

माझा पुतण्या आरटीईच्या राखीव जागेवर खासगी शाळेत आहे, त्याची फी सरकार भरतं. तशा शाळांना सरकारने २०१९-२० साली मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये दर ठरवला होता, तो आकडा कुणालाही सांगता येतो. आमच्या शाळेचाही असा आकडा फळ्यावर यायला हवा. नाहीतर शेजारच्या नुसत्या महापालिकेच्या शाळेत दुसरी दीदी ठेवायची झाली, तर नगरसेवकाकडे किती मागायचे?

प्रवेश घ्यायचा तर ज्युनियर केजीलाच घ्या, मधल्या इयत्तांत जागा मिळणं मुश्कील. पालकसभा शनिवारी असते. चुकवलीत तर दीदी संध्याकाळी घरी येऊन बसतात, तेव्हा चुकवू नकाच.